मॅच एअर पिस्तूल घेताना पैसा कुठे लावायचा

१० मीटर नेमबाजी स्पर्धेच्या, म्हणजे मॅचच्या, एअर पिस्तुलाचं बजेट दीड-दोन लाखांच्या पुढे गेलं की विकणारा आधी नळीचं कौतुक करतो आणि कारखान्यातलं टेस्ट टार्गेट, म्हणजे त्याच पिस्तुलातून छरे मारून बघितलेला कागद, पुढे ठेवतो. ते टार्गेट नीट बघा. पाच छऱ्यांचं मिळून एकच भोक दिसेल. भोकाची बाहेरची रुंदी मोजा आणि त्यातून छऱ्याचा व्यास, म्हणजे ४.५ मिमी, वजा करा. बाहेरून ७ मिमी भरलं तर ग्रुप, म्हणजे छऱ्यांचा पसारा, २.५ मिमीचा. मॅचच्या टार्गेटवरचा दहा गुणांचा गोल ११.५ मिमीचा असतो. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी, यातल्या कुठल्याही कंपनीचं उचला, धड छरा घातला तर नळी दहाच्या आतच मारते. त्यामुळे या किमतीत नळीवरून निवड करण्यात काहीच अर्थ नाही. निवड करायची ती मुठीवरून, ट्रिगरवरून आणि बिघडल्यावर कोण बघणार यावरून.

आधी मूठ. अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापात आणि डाव्या-उजव्या हाताप्रमाणे वेगळी येते. ती अर्धवट घडवलेलीच समजा, पुढचं काम आपलं. दोन मापांच्या मध्ये हात बसत असेल तर मोठं माप घ्या. सैल जागा भरता येते. लहान ग्रिप कोरत गेलं तर भिंत पातळ होते आणि तडकते.

बसते की नाही हे असं तपासा. पिस्तूल धरून डोळे मिटा, हात नेहमीसारखा वर न्या, दोन श्वास थांबा, डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे. दर वेळी एकाच बाजूला सरकलेली दिसली तर मनगट वळवून जुळवू नका. साठ शॉटच्या मॅचमध्ये चाळिसाव्या शॉटनंतर ते मनगट आपल्या जागी परत जातंच. आधी ग्रिपच्या कोनाचे स्क्रू वापरा, मग लाकडाला हात लावा. भरायला एम-सील चालतं: हाताला क्लिंग फिल्म गुंडाळायची, २-३ मिमीचा थर द्यायचा, घट्ट धरून ठसा घ्यायचा आणि पूर्ण वाळल्यावर अर्धगोल कानस आणि पॉलिश पेपर. एका बैठकीत एकच जागा. ट्रिगरचं बोट लाकडाला कुठेही टेकता कामा नये. टेकलं की दाबताना पिस्तूल बाजूला ढकललं जातं. तळहाताखालची फळी घट्ट हवी, पण तिला वरच्या दिशेने बाक देऊ नका. स्पर्धेच्या नियमात ते बसत नाही आणि उपकरण तपासणीत पिस्तूल परत पाठवतात.

नागपूरसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मे महिन्यात हात फुगलेला आणि घामेजलेला असतो, डिसेंबरच्या सकाळी तोच आक्रसलेला असतो. कानस चालवायची ती रेंजवर वीस-पंचवीस शॉट मारून हात गरम झाल्यावर, घरी थंड हातावर नाही.

स्पर्धेच्या तपासणीत ट्रिगरला लटकवून उचललेलं किमान ५०० ग्रॅम वजन त्याला न सुटता पेलावं लागतं. ५०० वर काटेकोर ठेवू नका, ५१५-५२० ठेवा, कारण प्रवासात आणि तापमानात थोडा फरक पडतो आणि वजन जरा वाकडं उचललं गेलं तरी ट्रिगर सुटतो. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो: पहिला, हलका टप्पा ३५०-४०० ग्रॅम आणि उरलेलं शॉट सोडणाऱ्या दुसऱ्या टप्प्यावर, अशी सुरुवात बहुतेकांना जमते. स्वतः तपासताना पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरमध्ये हवा हवी आणि पिस्तूल कॉक केलेलं, म्हणजे शॉटसाठी ताणून तयार, हवं, छरा मात्र आत नको.

मोरिनी १६२ ईआयसारखा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर वर्षानुवर्षं एकसारखा लागतो, पण सर्किट गेलं तर रेंजवर कुणाच्याच हातात काही राहत नाही. मेकॅनिकलमध्ये घाण साचते, सिअर, म्हणजे शॉट सुटेपर्यंत अडवून धरणारा खटका, झिजतो, तरी स्क्रूड्रायव्हरवाला जाणकार ते बघू शकतो. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल मध्येच बंद पडलं, मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. पिस्तूल दुरुस्तीला पुण्या-मुंबईला किंवा दिल्लीला पाठवावं लागणार असेल, तर त्या कंपनीचे सील आणि सुटे भाग भारतात कुणाकडे मिळतात हे पैसे देण्याआधी विचारा. त्यावर मिळालेलं गोलमोल उत्तर हे नकारच धरा.

सिलिंडर २०० बार दाबाचा असतो. सकाळी २५ अंशाला पूर्ण भरलेला सिलिंडर मेमध्ये उन्हातल्या कारच्या डिकीत ६५ अंशाला गेला तर आतला दाब २२५ बारच्या वर जातो. म्हणून उन्हाळ्यात १७०-१८० वरच थांबा आणि गाडीत कधीही ठेवू नका. हातपंपाने भरत असाल तर कूलरच्या खोलीत भरू नका. तिथली दमट हवा पंपातून थेट सिलिंडरमध्ये जाते आणि तेच पाणी पुढे रेग्युलेटरला, म्हणजे दर शॉटला सारखा दाब देणाऱ्या भागाला, खातं. पेटीही त्या खोलीत नको, लोखंडी भागांवर आठवड्यात तांबूस डाग येतात.

सेकंडहँड घेताना सिलिंडरवर कोरलेली मुदत सगळ्यात आधी वाचा. ती संपली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा. आधीच्या मालकाने ग्रिप स्वतःच्या हातासाठी कोरली असेल तर नव्या ग्रिपचीही. मग गळती. सिलिंडर काढून रात्रभर ठेवा आणि गेज बघा. काटा उतरला तर दोष सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये. काढलेला असताना स्थिर, पण पिस्तुलाला लावल्यावर उतरतो, तर सील किंवा रेग्युलेटर. शेवटी पिस्तूल दहा मिनिटं तसंच ठेवून लगोलग पाच शॉट मारा. दर वेळी पहिलाच छरा बाकीच्यांपेक्षा वर किंवा खाली लागत असेल तर रेग्युलेटर दाब धरत नाही, किंमत कितीही कमी असली तरी तो सौदा सोडा.

४.५ मिमी आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. तरी सीरिअल नंबर असलेलं बिल पेटीतच ठेवा, आणि सेकंडहँड असेल तर विकणाऱ्याच्या सहीचं पत्रही.