दुनह्वांगची १७ नंबरची गुहा रिकामी आहे, तरी जा

दुनह्वांग गावाजवळच्या मोगाओच्या बौद्ध गुहा बघून आलो. चीनमधे गान्सू प्रांत, गोबी वाळवंटाच्या कडेला. ७३५ गुहा आहेत पण मला बघायची होती १७ नंबरची आणि ती निघाली पावणेतीन मीटरची चौकोनी खोली, १६ नंबरच्या बोळात उजव्या हाताला, आत एका भिक्षूचा पुतळा, बास!

१९०० साली वांग युआनलू नावाचा ताओ साधू तिथली वाळू उपसत होता, भिंतीला चीर दिसली, मागे ही खोली, जुन्या हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांनी ठासून भरलेली, अकराव्या शतकात कधीतरी लिंपून बंद केलेली. १९०७ ला ऑरेल स्टाइन हा ब्रिटिश संशोधक त्या गुंडाळ्यांसाठी आला. वांग काही केल्या दाद देईना, तेव्हा स्टाइनने सांगितलं की मी ह्युएनत्संगच्या वाटेने भारतातून आलोय, आणि वांग निघाला ह्युएनत्संगचा भक्त. हो, तोच, आपण शाळेत पुलकेशीच्या धड्यात पाठ केलेला. २४ पेट्या हस्तलिखितं नि ५ पेट्या चित्रं १३० पौंडात गेली. पुढच्या वर्षी पेलियो हा फ्रेंच अभ्यासक आला, त्याला चिनी वाचता यायचं त्यामुळे त्याने अगदी निवडून नेलं. वांगला शिव्या घालायची इच्छा होते खरी, पण त्याने ते पैसे गुहांच्या डागडुजीलाच घातले.

आता कामाचं. सीझनमधे ए तिकीट महिनाभर आधी ऑनलाइन काढा, त्यात दोन फिल्म आणि आठ गुहा. आमच्यातला एक आळशी राहिला, त्याला बी मिळालं, चारच गुहा. पासपोर्ट जवळ ठेवा. गुहा गाइडच उघडतो, आत फोटो नाही. एका ठिकाणी त्याने टॉर्च तिरका धरला तर पोपडा पडलेल्या मातीत गवताच्या काड्या दिसल्या, गावच्या घराच्या लिंपणासारख्या, तिथे अजिंठा आठवलाच. हायस्पीड ट्रेनचं लिउयुआन स्टेशन जवळचं समजू नका, दुनह्वांग गाव तिथून सव्वाशे किमीच्या आसपास आहे. गूगल मॅप विसरा, पैसे द्यायचं अलीपे ॲप आधीच टाकून ठेवा. शाकाहारी असाल तर ठेपले न्याच, आणि जर्दाळूचं गार सरबत मिळतं तिथे, ते सोडू नका.

आणि हो, स्टाइनने नेलेल्यातली बरीच रेशमी चित्रं दिल्लीच्या नॅशनल म्युझियमकडे आहेत, कारण मोहिमेचा खर्च तेव्हाच्या भारत सरकारनेही उचलला होता. येताना फ्लाइट दिल्लीवरून असेल तर एक दिवस हातात ठेवा, मी ठेवला नाही.