टॅग एक, रँक पाच: क्लॅनला मॅच मिळवून देताना आलेला अनुभव

ऑनलाइन गेममध्ये आम्ही पाच जण एकाच क्लॅनचे, म्हणजे एका नावाखाली कायम एकत्र खेळणाऱ्या गटाचे, सगळे व्हॉइसवर, नकाशे तोंडपाठ. आणि तरी एकेकटे खेळून जितक्या मॅच जिंकायचो त्यापेक्षा एकत्र खेळून कमी जिंकायचो. वर क्यू, म्हणजे मॅच लागण्याची रांग, इतकी लांबायची की लॉबीत बसल्या बसल्या गप्पांचे विषय संपायचे. क्लॅनमध्ये यावर दोन पक्ष होते. एक म्हणे, मॅचमेकिंग, म्हणजे विरोधक जुळवणारी गेमची यंत्रणा, लबाड आहे, मुद्दाम हरवतं. दुसरा म्हणे, आपणच ढिले आहोत. मला दोन्ही पटेना, म्हणून हा गुंता सोडवायचं काम मी अंगावर घेतलं. आम्ही खेळतो तो पाच विरुद्ध पाच, राउंडवाला टॅक्टिकल शूटर. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्याच्या सपोर्टबद्दल थोडी कुरकुर करणार आहे.

सगळ्यात आधी जे कळलं ते हे, की मॅचमेकिंगला क्लॅन दिसतच नाही. नावापुढचा टॅग, क्लॅनचं चिन्ह, आठवड्याचे पॉइंट, हा सगळा वरवरचा साज. यंत्रणा बघते ती पार्टी: आत्ता लॉबीत किती जण आहेत, प्रत्येकाचं छुपं रेटिंग किती, कुठल्या सर्व्हरला कुणाचा पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, किती. तुम्ही दोन वर्षं एकत्र खेळताय की आत्ताच ओळख झाली, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. आणि हे छुपं रेटिंग म्हणजे आपल्याला दिसणारी रँक नव्हे. रँक सीझनगणिक खालीवर होते, बक्षीस म्हणून सजवली जाते. जुळणी होते ती पडद्यामागच्या आकड्यावर.

हा आकडा मूळचा बुद्धिबळातला. अर्पाड एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी बसवलेली पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये घेतली. दोघांत ४०० गुणांचा फरक असेल, तर वरचा अकरापैकी दहा गुण मिळवेल असं धरायचं. अपेक्षेपेक्षा सरस खेळलात तर गुण वाढतात, कमी पडलात तर घटतात. पुढे १९९५ मध्ये मार्क ग्लिकमन यांनी ग्लिको पद्धतीत गुणासोबत त्या गुणाची अनिश्चितताही मोजायला घेतली. खूप दिवस खेळला नाहीत तर अनिश्चितता वाढते, म्हणून परत आल्यावर पहिल्या काही मॅचमध्ये रेटिंग उड्या मारतं. सुट्टीवरून आलेला प्रत्येक जण ‘गेम बिघडला’ म्हणतो त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

पण बुद्धिबळात समोरासमोर दोघंच. पाच जणांच्या टीमचं काय करायचं, यावर मायक्रोसॉफ्ट रिसर्चने एक्सबॉक्स लाइव्ह या ऑनलाइन गेमिंग सेवेसाठी ट्रूस्किल नावाची पद्धत बनवली. त्यात नव्या खेळाडूचं कौशल्य सरासरी २५ आणि अनिश्चितता ८.३३ धरतात. दाखवायचा आकडा म्हणजे सरासरीतून अनिश्चिततेची तिप्पट वजा, त्यामुळे नवखा शून्यावर सुरू होतो. आणि टीमची ताकद म्हणजे सदस्यांच्या कौशल्याची बेरीज. माझ्या मते सगळी गोम या बेरजेत आहे. पाच चांगले नेमबाज एकत्र आले की चांगली टीम होते, हे बेरजेला वाटतं. ज्याने एकदा तरी क्लॅन चालवलाय त्याला तसं वाटत नाही.

२०१८ मध्ये ट्रूस्किल २ आलं, त्यात मित्रांबरोबर गट करून खेळण्याचा फायदा हिशेबात धरला, शिवाय प्रत्येकाची वैयक्तिक कामगिरीही. त्यांच्याच लेखानुसार हेलो ५ या शूटर गेमच्या मॅचचे निकाल जुन्या पद्धतीने ५२ टक्के बरोबर ओळखता येत होते, नव्याने ६८ टक्के. आमच्या गेममध्ये नेमकी कुठली पद्धत आहे हे कंपनी सांगत नाही, पण पॅच नोट्समध्ये, म्हणजे गेममधल्या बदलांच्या यादीत, एक ओळ होती: पूर्ण पार्टीला किंचित वरचे विरोधक मिळतील. ती ओळ वाचल्यावर डोक्यात उजेड पडला. पाच जण एकत्र आले म्हणजे त्यांच्यात समन्वय असणारच, असं धरून यंत्रणा आम्हाला जड विरोधक देत होती. आमच्यात तो समन्वय नव्हता. नसलेल्या मालाचं बिल आम्ही रोज भरत होतो.

त्यात आमच्या रँका पाच दिशांना. कॉल देणारा तात्या सगळ्यात वर. त्याच्याखाली आमचा स्नायपर, ज्याला एका जागी तासन्‌तास उभा राहतो म्हणून सगळे बगळा म्हणतात. मग मी आणि आणखी एक जण मधल्या रँकला. पाचवा चिंटू, अगदी नवखा, त्याचा आणि तात्याचा फरक रँकच्या दोन पायऱ्यांहून जास्त. सरासरी काढली तर आम्ही मध्यम टीम. प्रत्यक्षात काय व्हायचं ते सांगते. पहिल्या राउंडला चिंटू बी साइट, म्हणजे बॉम्ब लावायच्या दोन जागांपैकी एक, एकटा धरायचा. समोरचे एकदा सहज तिकडे डोकवायचे. चिंटूचा पहिला गोळीबार ऐकूनच त्यांना कळायचं, कारण नवखा माणूस धावता धावता गोळ्या झाडतो आणि पूर्ण मॅगझिन रिकामी केल्याशिवाय थांबत नाही. दुसऱ्या राउंडपासून पाचही जण बी वर. तात्या ए साइटवर कितीही भारी असला तरी तो पोचेपर्यंत बॉम्ब लागलेला, आणि स्मोकमधून परत जागा घेताना आम्ही एकेक करून पडायचो. सरासरीला हे भोक दिसत नाही. विरोधकाला वीस सेकंदांत दिसतं.

गेम बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं, म्हणून तर नियम असतात. व्हॅलोरंटच्या रँक्ड क्यूत चार जणांची पार्टी करता येत नाही, कारण उरलेल्या एकट्या पाचव्याचे हाल होतात. ओव्हरवॉच २ मध्ये २०२४ पासून रँकमधलं अंतर जास्त असलेल्या गटाला ‘वाइड’ म्हणतात आणि त्याची गाठ शक्यतो तशाच गटाशी घालतात, मग थांबावं लागलं तरी चालेल. मला हे नियम योग्य वाटतात. सोलो क्यूवाल्याने का म्हणून पाच जणांच्या ठरलेल्या टीमकडून मार खायचा?

थांबणं मात्र खरोखर जीवघेणं. एकदा कागदावर गणित मांडून क्लॅनला पाठवलं, तेव्हा कुठे ‘सर्व्हर झोपलाय का’ हा जप थांबला. समजा एका वेळी १२,००० लोक ऑनलाइन आहेत. मॅच ३० मिनिटांची, क्यू दोन मिनिटांची. म्हणजे कुठल्याही क्षणी क्यूत सोळातला एक, साधारण ७५०. ते तीन सर्व्हर विभागांत वाटले की २५०. रँकचे पाच पट्टे केले की ५०. आता यातून तुमच्यासारखी, पूर्ण पाच जणांची, रँका विखुरलेली पार्टी शोधा. एखादी सापडली तर नशीब. मग यंत्रणा हळूहळू अटी सैल करते: आधी रेटिंगचं अंतर वाढवते, मग दूरचा सर्व्हर चालवून घेते. म्हणून सात-आठ मिनिटांनी जी मॅच लागते ती एकतर्फी असते. आधीच्या प्रत्येक मिनिटाला तिने एकेक निकष सोडून दिलेला असतो.

क्लॅन विरुद्ध क्लॅन अशी वेगळी क्यू का देत नाहीत, याचं उत्तरही याच गणितात आहे. २००४ च्या हेलो २ ने सर्व्हरची यादी चाळण्याऐवजी पार्टी करून प्लेलिस्टला, म्हणजे ठरावीक प्रकारच्या मॅचच्या रांगेला, लागायची रीत रुळवली, आणि त्यात क्लॅनच्या रँक्ड मॅचसुद्धा होत्या. तीन वर्षांनी हेलो ३ आला तेव्हा क्लॅनची सोय नव्हती. जेवढ्या क्यू जास्त, तेवढी प्रत्येक क्यूतली माणसं कमी.

मग ठरलं: मॅचमेकिंगकडून क्लॅनच्या मॅचची अपेक्षा सोडायची. रोजच्या खेळाला दोन-तीन जणांच्या जवळच्या रँकच्या पार्ट्या, आणि पाच जणांचा खेळ स्क्रिममध्ये, म्हणजे दुसऱ्या टीमशी आपसांत ठरवून खेळलेल्या सराव मॅचमध्ये. पण स्क्रिम लावायला माणसं हवीत, आणि क्लॅन तर भरलेला.

इथे सपोर्टचं प्रकरण सुरू झालं. क्लॅन ज्याने काढला तो खेळ सोडून गेला होता. लीडर अजून तोच. आम्ही ऑफिसर, म्हणजे आमंत्रण देऊ शकत होतो. कुणाला काढणं किंवा पद देणं लीडरच्या हाती. यादीतली अर्धीअधिक नावं राखाडी पडलेली, म्हणजे खेळणं थांबवलेल्यांची, जागा शिल्लक नाही. एकाने सुचवलं की त्याचा पासवर्ड मागून घेऊ, दोन मिनिटांचं काम. मी साफ नाही म्हटलं. दुसऱ्याच्या अकाउंटमध्ये शिरणं बहुतेक गेमच्या नियमांत बसत नाही, आणि बॅन लागला तर त्याचं अकाउंट जातं, आपलं नव्हे.

सपोर्टकडे तिकीट, म्हणजे लेखी तक्रार, टाकलं. उत्तर काही मिनिटांत आलं, म्हणजे माणसाने वाचलंच नव्हतं: ‘क्लॅनमधल्या अंतर्गत वादात आम्ही पडत नाही.’ वाद कुठला? वाद घालायला समोर माणूस तर हवा! तेच तिकीट पुन्हा उघडून मी लिहिलं की हा वाद नाही, लीडर निष्क्रिय आहे. पुन्हा तयार मजकूर: नवा क्लॅन काढा. नवा काढला तर क्लॅनची लेव्हल, नाव, सगळं शून्यावर. शेवटी मी रागाचा सूर सोडून फक्त कागदपत्रं जोडली, आणि त्यानंतर पहिल्यांदा नाव लिहिलेलं उत्तर आलं. मला वाटतं फरक पाडला तो यांनी: क्लॅनच्या नावाऐवजी क्लॅनचा आयडी, कारण एकाच नावाचे अनेक क्लॅन असतात; लीडरचा प्लेअर आयडी; सदस्य यादीचा स्क्रीनशॉट, ज्यात त्याच्या शेवटच्या लॉगिनची तारीख दिसते; आणि प्रत्येक ऑफिसरने स्वतःच्या अकाउंटवरून दिलेली संमती. शिवाय मागणी एकाच वाक्यात: लीडरपद अमुक आयडीकडे द्यावं. सपोर्टने जुन्या लीडरला मेल पाठवला, ठरावीक मुदत थांबले, त्याच्याकडून हूं की चूं आलं नाही, आणि पद तात्याकडे आलं. ही सोय त्यांच्या मदतीच्या पानावर कुठेच लिहिलेली नाही, याचा मला अजूनही राग आहे.

राखाडी नावं काढली, नवी माणसं घेतली, स्क्रिम सुरू झाले. स्क्रिमच्या निरोपात काय काय लिहावं हे पटकन शिकलो: पाच विरुद्ध पाच, सरासरी रँक, नकाशा, सर्व्हर, वेळ, कस्टम लॉबी कोण काढणार. यातलं एक जरी राहिलं तर लॉबीत दहा जण जमल्यावर अर्धा तास वाटाघाटी. आणि स्क्रिममध्ये १३ राउंड जिंकून, म्हणजे एरवी मॅच संपते तिथे, थांबायचं नाही, पूर्ण २४ खेळायचे. नाहीतर हल्ला किंवा बचाव, ज्या बाजूवर आपण कच्चे आहोत ती बाजू चार-पाच राउंडांत संपते आणि शिकायचं तेच राहून जातं.

आमच्या रेटिंगचं काय, हा प्रश्न मात्र मला स्वस्थ बसू देईना. गेमचा आकडा माणसांचा; मला टीमचा हवा होता. म्हणून एका शीटमध्ये स्क्रिम खेळणाऱ्या प्रत्येक टीमला १५०० ने सुरुवात दिली आणि साध्या एलोने हिशेब ठेवायला लागले, एका मॅचला जास्तीत जास्त ३२ गुण. आपण १५०० आणि समोरचे १७००, तर आपली जिंकण्याची अपेक्षा २४ टक्के. जिंकलो तर २४ गुण वर, हरलो तर फक्त ८ खाली. या शीटचा सगळ्यात मोठा उपयोग भलताच निघाला. तगड्या टीमकडून हरल्यावर ‘आठच गेले’ हे दिसलं की रडारड होत नाही. आणि टीम टीम म्हणून सुधारते आहे का, हे त्यात दिसतं. चिंटूची वैयक्तिक रँक जिथल्या तिथे असताना आमचा आकडा चढला, कारण आता बी साइटवर त्याच्या मागे बगळा असतो, आणि चिंटूचं काम मारायचं नसून पहिला आवाज ऐकला की ओरडायचं आणि मागे सरायचं.

एका गोष्टीवर उपाय सापडला नाही. आमचा एक चांगला खेळाडू दुसऱ्या खंडात राहायला गेला. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर ८,००० किलोमीटरवर असेल तर जाऊन येऊनच ८० मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत कधी नसते, मधले राउटर वेगळे. त्याला प्रत्यक्षात याच्या दुपटीहून जास्त पिंग येतो. कोपरा धरून उभा राहिला की समोरचा याच्या स्क्रीनवर यायच्या आत समोरच्याला हा दिसलेला असतो. तात्याने त्याला कोपरे धरायचं काम बंद करून आधी घुसायचं काम दिलं, थोडा फरक पडला, पण रँक्डमध्ये त्याला ओढणं त्याच्यावरही अन्याय आणि आमच्यावरही. सध्या तो स्क्रिमची रेकॉर्डिंग बघतो आणि कोण कुठे उगाच डोकावला याची वेळेसकट यादी पाठवतो. गेल्या यादीत सगळ्यात जास्त ओळी माझ्याच होत्या.