मागच्या डिस्कचा गार्ड आणि दोन नगांचं लेथकाम

हिरोच्या एक्सपल्स मोटारसायकलच्या मागच्या ब्रेक डिस्कला गार्ड बसवणं हे सुट्टीच्या दिवशी सकाळी चहानंतर सुरू करून जेवायच्या आत संपवायचं काम आहे. माझ्याकडे गार्ड दिवाळीनंतर आला आणि संक्रांत उलटून गेली तरी तो टीव्हीच्या शोकेसवरच पडून होता. येणारा प्रत्येक पाहुणा तो उचलून बघायचा आणि "हे काय, ट्रॉफी का?" असं विचारायचा. गाडीची यात काही चूक नव्हती. अडलं होतं ते सव्वा सेंटिमीटरसुद्धा लांब न भरणाऱ्या दोन बुशांवाचून, म्हणजे बोल्टवर चढणाऱ्या दोन छोट्या नळ्यांवाचून. साताऱ्यासारख्या, जिथे एमआयडीसीत लेथचा आवाज थांबत नाही अशा गावात ते दोन बुश मला कोणी करून देईना. कुणाला हेच काम करायचं असेल तर त्याच्या चपला माझ्याइतक्या झिजू नयेत म्हणून लिहितोय. थोडी मनातली मळमळही आहे, ती वाचताना कळेलच.

गार्ड कशाला लागतो ते आधी सांगतो, कारण घरच्यांपासून गॅरेजवाल्यापर्यंत सगळ्यांनी हेच विचारलं. आम्ही चाळकेवाडीच्या बाजूला पवनचक्क्यांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर गाडी चालवतो. (कासच्या पठारावर नाही. तिथे डांबरी सोडून चाक खाली उतरवायचंच नाही. ते २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि यादीत नसतं तरी फुलांवर गाडी घालणाऱ्याला मी आमच्यात घेणार नाही.) पावसाने या रस्त्यांची माती धुपून जाते, खोल चाकोऱ्या पडतात आणि कडेला टोकदार दगड उघडे राहतात. पुढचं २१ इंची चाक दगडावरून निघून जातं. मागचं मात्र चाकोरीत बसतं आणि २२० मिलिमीटरच्या डिस्कची खालची कड थेट दगडाच्या तोंडी येते. एकदा का डिस्क वाकली की ती प्रत्येक फेऱ्याला पॅडला घासते आणि तापते. ब्रेक ऑइल उकळेपर्यंत तापली तर पायाखालचं पेडल मऊ पडतं, आणि हे होणार घाट उतरतानाच. वाकली म्हणजे फार वाकायला लागते असंही नाही. ०.३ मिलिमीटरच्या पुढे डोलायला लागली की बहुतेक मॅन्युअल तिला बाद धरतात, आणि एवढा फरक नुसत्या डोळ्यांनी पटकन दिसत नाही. हिरोच्याच जुन्या इम्पल्सला मागे ड्रम ब्रेक होता, त्यामुळे तिच्या मालकांना हा ताप नव्हता. ते हसतात आम्हाला.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक प्लास्टिकचं झाकण, जे उडणारी खडी अडवतं पण बसलेला दगड अडवत नाही. दुसरं जाड ॲल्युमिनियमचं पातं, माशाच्या परासारखं, जे डिस्कच्या खाली तिच्याच रेषेत उभं राहतं. दगड आधी पात्याला लागतो आणि गाडी त्यावरून घसरून पुढे जाते. मी दुसरा प्रकार मागवला. सहा मिलिमीटर जाड पातं, आणि स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) आतून-बाहेरून धरणाऱ्या दोन पट्ट्या. पात्याला भोकं नाहीत, नुसतं भरीव आहे, तेही मला हवं होतं. भोकाभोकांचं पातं दिसायला छान असतं, पण लाल चिखल त्यात जाऊन बसतो.

खोक्यात फिटिंगचा कागद नव्हता. पात्याला आतल्या पट्टीपासून लांब धरायला बुश लागतात, तेही नव्हते. त्याऐवजी एका प्लास्टिकच्या पिशवीत वॉशर होते, मूठभर. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "दादा, युनिव्हर्सल आहे ते. वॉशर टाकून ॲडजस्ट करायचं." मी म्हटलं, साडेअकरा मिलिमीटर अंतर वॉशरने भरायचं म्हणजे सात वॉशर एकावर एक. "हां, तेच," म्हणाला आणि ठेवला.

वॉशरची चळत का चालत नाही, हे एकदाच सांगून टाकतो. प्रत्येक वॉशर थोडा वाकडा असतो, भोकही सैल असतं. सात एकत्र आवळले की ते एकमेकांवर सरकतात आणि पातं तिरकं होतं. दगडाचा धक्का बसला की आणखी सरकतात. बोल्ट ढिला पडतो आणि जे पातं डिस्क वाचवायला बसवलं तेच डिस्कमध्ये घुसतं. तिथे एकसंध बुशच पाहिजे. बुश नाहीतच लावले तर पातं डिस्कच्या रेषेबाहेर राहतं आणि दगड त्याच्या शेजारून सरळ डिस्कवर जातो. मग गार्ड आहे की नाही, सारखंच.

माप असं काढलं. चाक जागेवर, पट्ट्या स्विंगआर्मला हाताने आवळलेल्या. आतल्या पट्टीपासून डिस्कच्या बाहेरच्या अंगापर्यंत व्हर्नियरने १२.५ मिलिमीटर. माझी डिस्क ४ मिलिमीटर भरली, म्हणजे तिचा मध्य १४.५ वर. पातं ६ चं, त्याचं अर्धं ३ वजा केलं की बुशाची लांबी ११.५. आतलं भोक साडेआठ, कारण बोल्ट आठचा. बाहेरचा व्यास १८. कागदावर तीन आकडे, संपलं काम, असं मला त्या संध्याकाळी वाटलं.

जुन्या एमआयडीसीत पहिल्या शेडमध्ये वॉचमननेच अडवलं. कुणाला भेटायचंय, कंपनीचं नाव काय, गेटपास आहे का. आत निरोप गेला, बाहेर निरोप आला, "साहेब म्हणतात ड्रॉइंग मेल करा." ड्रॉइंग म्हणजे माझा तो कागद. केला मेल. उत्तर नाही.

दुसरीकडे मालक स्वतः भेटले, बोलायला चांगले होते.
"काय जॉब हाय?"
"ॲल्युमिनियमचे बुश आहेत, साधे."
"किती नग?"
"दोन."
"दोन हजार का?"
"दोन. एक, दोन."
त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग मशीनकडे बोट दाखवलं. सीएनसी होतं, कॉम्प्युटरवर चालणारं. "ह्याला प्रोग्रॅम लिवायचा, जॉ बदलायचे, टूल सेट करायचं. त्यात अर्धी शिफ्ट जाती. दोन नगाचं तुमाला किती बिल लावू?" त्यांचं खरं होतं, राग धरण्यासारखं काही नव्हतं. राग आला तो पुढच्या ठिकाणी, जिथे एका पोरगेल्या सुपरवायझरने दोन बुशांसाठी पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) आणि जीएसटी नंबर मागितला. मी म्हटलं, रोख देतो. म्हणाला, "रोखीत सिस्टिमला एंट्री होत नाही."

आणि सगळ्यात जास्त राग आला तो ज्याने हो म्हटलं त्याचा. साधा लेथ होता, दुरुस्तीचीच कामं करायचा. कागद ठेवून घेतला, वर मी लाकडाचा एक नमुना घासून नेला होता तोही ठेवून घेतला. शनिवारी या. शनिवारी लाईट नव्हती. पुढच्या वेळी लाईट होती तर टर्नर गावच्या जत्रेला गेलेला. त्यानंतर टर्नर होता, लाईट होती, कागद हरवला होता. दुसरा कागद दिला. मग म्हणे ॲल्युमिनियमचा बार नाही, तुम्हीच आणून द्या. भंगारवाल्याकडून वीसचा तुकडा शोधून नेला. तर तो तुकडा दुसऱ्याच कुणाच्या जॉबला वापरून टाकला. "तुमचं काय अर्जंट नव्हतं ना?" हे वर. नाही हो, अर्जंट कसलं, शोकेस रिकामी दिसू नये म्हणून फेऱ्या मारतोय. हा माणूस पहिल्याच दिवशी नाही म्हणाला असता तर मी त्याला दुवा दिला असता. नकाराने अर्धा तास जातो, असल्या होकाराने महिना जातो.

सुटका झाली ती वाढे फाट्यावर चहा पिताना. शेजारी एक ट्रॅक्टरवाला ट्रॉलीच्या हबचं बेअरिंग मांडीवर घेऊन बसला होता. त्याला सहज सांगितलं. तो म्हणाला, "कंपनीवाल्याकडं कशाला गेलाव? पंपवाल्याकडं जावा की. आमचं समदं एकएकच नग आसतंय."

हे मला आधी सुचायला हवं होतं असं मी म्हणणार नाही, कारण कुणालाच सुचत नाही. पण साताऱ्यात, सांगलीत, कुठल्याही बागायती तालुक्यात हीच किल्ली आहे. एमआयडीसीतला लेथ हजारांच्या हिशोबाने चालतो. शेतीपंप आणि मोटार रिवाइंडिंगवाल्याकडचा जुना लेथ एका नगावर जगतो. शेतकरी झिजलेला शाफ्ट घेऊन येतो, बुश घालून घेतो आणि पिकाला पाणी द्यायचंय म्हणून त्याच दिवशी मागतो. तिथे कुणी ड्रॉइंग विचारत नाही. जुना भाग दाखवा किंवा जागा दाखवा.

कोरेगावच्या रस्त्याला असं एक दुकान मिळालं. मालक वयस्कर, सगळे त्यांना आबाच म्हणत होते. मीही आबा म्हटलं. त्यांनी कागद बघितला, परत दिला आणि म्हणाले, "करू की. पर ट्रॉल्यांचं निघू दे." बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. गळिताचा हंगाम भरात, कारखान्यावर नंबर लागलेले, आणि हब मोडलेला ट्रॉलीवाला डोक्यावर उभा. त्याच्यापुढे माझी छंदाची गाडी काय सांगणार? थांबलो. पण हे थांबणं वेगळं होतं. फोन केला की आबा स्वतः सांगायचे, "आज नाय, येऊ नका." फुकट फेरी एकही झाली नाही.

ज्या दिवशी बोलावलं त्या दिवशी माझ्यासमोर काम झालं. ॲल्युमिनियमला आबांचा विरोध होता. "चेपंल ते, लोखंडाचा करतो." मी म्हटलं, पावसाळ्यात गंजेल, आणि व्यास १८ ठेवलाय तो चेपू नये म्हणूनच. थोडं कुरकुरले, मग त्यांच्याच भंगारातला एक बार काढला. फेसिंग, ड्रिल, टर्निंग, कट. शेवटी फाईलने दोन्ही बाजूंची कोर मोडून दिली, जी मी सांगितलीही नव्हती. कोर मोडली नाही तर बुश पट्टीवर सपाट बसत नाही, हे तिथे कळलं. लांबी व्हर्नियरने तपासली, दोन्ही तंतोतंत सारखे. चार करून घेतले, दोन जास्तीचे. दीडशे रुपये झाले. मी दोनशे दिले तर पन्नास परत केले.

आता फिटिंग. गाडीला मधला स्टँड नाही, म्हणून इंजिनखाली लाकडी ठोकळा घालून मागचं चाक उचललं. एक्सलचा नट सोडण्याआधी चेन ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना बघून मार्करने आखून ठेवा. चाक काढलं की पहिली गोष्ट म्हणजे ब्रेकच्या पेडलला पाय लागू देऊ नका, घरातल्या पोरांनाही तिथून हाकला. मध्ये डिस्क नसताना पेडल दाबलं की पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग ते फाकवत बसावं लागतं. कॅलिपर (पॅड धरणारा भाग) त्याच्या होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्विंगआर्मला बांधा.

पट्ट्या आणि स्विंगआर्म यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला, रंग खरवडत नाही आणि पकडही बसते. बोल्ट ४० लांबीचे, ८.८ ग्रेडचे, पोवई नाक्याजवळ हार्डवेअरमध्ये मिळाले. खोक्यातले बोल्ट आखूड होते, ते फेकले. बोल्टचं डोकं चाकाकडे आणि नायलॉकचा नट बाहेर ठेवा. उलटं केलं तर बोल्टचं टोक आत येतं. १३ चा पाना, साधारण २२ न्यूटन मीटर. टॉर्क रेंच नसेल तर गॅरेजवाल्याकडून घ्या, पण एक्सलचा नट तरी अंदाजाने आवळू नका, त्याचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे. बुश ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट लोखंडी, त्यामुळे बोल्टच्या दांड्याला थोडं कॉपर ग्रीस लावलं. आपल्याकडच्या पावसात हे दोन धातू एकमेकांना धरून बसतात आणि मग बोल्ट तुटतो, निघत नाही. ते ग्रीस हाताला लागतं, म्हणून नंतर डिस्क ब्रेक क्लीनरने पुसायची, डोळ्यांना स्वच्छ दिसली तरी.

एक महत्त्वाचं मध्येच राहिलं. हा गार्ड स्विंगआर्मवर आहे, एक्सलवर नाही. म्हणजे चेन ताणण्यासाठी चाक मागे घेतलं की डिस्क मागे जाते पण गार्ड तिथेच राहतो. आज मागच्या बाजूला ३ मिलिमीटर फट ठेवली तर चेन दोनदा ताणल्यावर घासायला लागणार. मी चाक ॲडजस्टरच्या शेवटच्या खुणेवर नेऊन बघितलं, तिथेही फट उरेल अशा बेताने पट्ट्या मागे सरकवल्या आणि मगच नट आवळले. नवी चेन असताना फट मोठी दिसते, दिसू दे.

सगळं आवळल्यावर पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा, चाक हाताने फिरवा आणि कान लावून ऐका. पहिल्या राईडनंतर पुन्हा पाना लावा. माझा एक नट पाव फेरा गेला, ट्यूबचा रबर दबला होता. सध्या ओल्या चिखलातून आलं की घरी आल्यावर काडीने फटीतला गाळ काढतो. वाळला तर सिमेंटसारखा होतो.

जास्तीचे दोन बुश मित्राला दिले, त्यानेही तोच गार्ड मागवला होता. पण त्याच्या गाडीचा स्विंगआर्म वेगळा, त्याला चौदाचे लागतात. त्याला आबांचा पत्ता दिलाय. आता कारखाने बंद झालेत, ट्रॉल्या नाहीत, त्याचं काम दुपारपर्यंत होईल. माझ्या वेळचं सांगितलं तर त्याला खोटं वाटतं.