तुम्ही विचारलंत म्हणून: दारूच्या दुकानात वाढलेली मुलगी

गोव्यात, पेडण्यात आमच्या घराच्या पडवीतच बाबांचं सोऱ्याचं दुकान होतं, हे कळलं की पुण्यात लोक हमखास विचारतात, "तुला त्रास नाही झाला?"

नाही झाला. त्या बाकावर बसून मी पाढे पाठ केले. मार्च ते मे काजूचा हंगाम. भट्टीवरून आधी हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्यांदा गाळलेली दारू यायची, मग दुसऱ्यांदा गाळलेली फेणी. मला सर्दी झाली की आई तीच छातीला चोळायची. मी समोर असले की माणसं आवाज खाली आणत. जास्त झालेल्याला बाबा "पुरो, घरा वच" म्हणत आणि तो ऐकतही असे.

माझं अक्षर बरं म्हणून उधारीची वही माझ्याकडे होती. एका संध्याकाळी एक बाई मागच्या दाराने, आमच्या रांधणीत आली. बाबांना नाही, मला विचारलं, "ह्यांचे कितले जाले गो?" तिला वाचता येत नव्हतं. मी वाचत गेले. पान संपलं, दुसरं उलटलं. तिने पदराची गाठ सोडून नोटा काढल्या. काजूबिया विकून आलेले पैसे. तेवढ्यात बाबा आत आले. ती म्हणाली, "भाऊ, ताका आता दिवं नाका." बाबांनी पैसे घेतले नाहीत. सगळी बाकी सोडली म्हणाले. आणि म्हणाले, "हांवें दिलें ना जाल्यार तो दुसऱ्याकडेन वतलो." ती काही बोलली नाही. नोटा चुलीजवळ ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा नेहमीच्या वेळी आला. बाबांनी ओतली, नेहमीपेक्षा थोडी कमी. मला म्हणाले, "बरय," म्हणजे लिही. मी नव्या पानावर लिहिलं.

कॉलेजात असताना या प्रश्नावर मी भांडायचे. फेणी ही आमची परंपरा आहे, महाराष्ट्रातल्या 1949च्या दारूबंदी कायद्याचे पिण्याचे परवाने खिशात घालून पिणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये, असं तावातावाने सांगायचे. 2009 साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला खरोखर अभिमान वाटला. आजही वाटतो. पण तेव्हाच्या माझ्या त्या भाषणात ही बाई कुठेच नव्हती, आणि ती मला ठाऊक असूनही नव्हती.

म्हणून बाबांना वाईट ठरवायचं? ते जमत नाही. माझी फी, आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच गल्ल्यातून झालं. तो माणूस दुसरीकडे गेला असता हेही खरं. पलीकडच्या वळणावर दुसरं दुकान होतंच. तरी ती नेमकी आमच्याच दारात आली होती, कारण बाबा ऐकतील असं तिला वाटलं होतं. बाबांना मी हे विचारलं आहे. ते म्हणतात, बाकी सोडली ना मी? मग आम्ही दोघंही गप्प होतो.

त्रास मला झाला का, असं विचारता. तिचा मुलगा माझ्याच वर्गात होता. आम्ही दोघं या विषयावर कधीही बोललो नाही.