थोरल्याचं काय झालं?

तुकोबांच्या पालखीबरोबर चालणार आहे म्हटल्यावर आमच्या ख्रिस्ती मंडळीत दोन तट पडले. एकांचं म्हणणं, विश्वासणाऱ्यानं त्या वाटेला जाऊच नये. दुसऱ्यांचा उत्साह मला त्याहून अवघड वाटला: लाखो माणसं, आयती संधी, दोन पिशव्या भरून पत्रकं घेऊन जा! पाळकसाहेबांनी एवढंच विचारलं, "कोण म्हणून जाणार?" म्हटलं, "आहे तोच म्हणून." त्यांनी प्रार्थना केली आणि हातात ओआरएसची पाकिटं ठेवली.

आम्ही नाना पेठेतले. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला. दोन्ही मुक्काम आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिथून जवळच पंचहौदाचं देऊळ, म्हणजे आमचं पवित्र नाम देवालय. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशा मंडळींनी चहा घेतला आणि पुण्यात केवढं ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, माजलं! आता पालखी आली की वारकरी आमच्या ओट्यावर बसून चहा पितात, वर "साखर कमी पडली" म्हणून सांगतात. त्यांतलेच परभणीकडचे एक मामा. त्यांच्या दिंडीत मी निघालो. दिंडीप्रमुखांना आधीच सांगितलं की मी ख्रिस्ती आहे, माळ घालणार नाही, आरतीला उभा राहीन पण हात जोडणार नाही. ते म्हणाले, "चालता येतं ना? मग जेवणाखाण्याची भिशी भरा."

पत्रकं नेली नाहीत. भुकेल्याच्या हातात पोहे देताना दुसऱ्या हातात पत्रक कोंबलं की पोहेही संशयास्पद होतात आणि पत्रकही. ज्यांच्या तंबूत आपण झोपणार, ज्यांच्या पंगतीत जेवणार, त्यांच्याकडे "संधी" म्हणून बघत चालायचं हे मला जमणारं नव्हतं. पण गप्प बसून चालायचं असंही नव्हतं. कुणी विचारलं तर सांगायचं, आणि कुणी विचारावं असं वागायचं. येशूचा शिष्य पेत्र याच्या पत्रातही तेच आहे: आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेनं.

हडपसरला दोन्ही वाटा फुटतात. माउली दिवे घाटानं सासवडकडे, तुकोबा सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडे. तिथली गर्दी जरा पांगली तसे मामा बोलायला लागले. घरचं, कापसाचं, पावसाचं. मग म्हणाले, "शेवटी समदे देव एकच की हो."

इथं मान डोलावली असती तर पुढचा रस्ता सोपा गेला असता. म्हटलं, "मामा, राग मानू नका, मला तसं म्हणता येत नाही. माझा सगळा भार एकट्या येशूवर आहे."

"राग कशाचा? सांगा की मग. काय केलं त्यानं?"

मी त्यानं सांगितलेली गोष्ट सांगायला घेतली. एका शेतकऱ्याला दोन पोरं. धाकटा म्हणाला, माझी वाटणी आत्ताच द्या.

मामा चालता चालता थांबले. "बाप जित्ता असताना?"

"हो."

"म्हंजी बापाला मेल्यातच धरला की त्यानं."

उधळ्या पुत्राचा हा दाखला मी लहानपणापासून उपदेशांत ऐकतोय. त्या मागणीतला घाव इतक्या चटकन कुणी ओळखलेला मला आठवत नाही. सातबाऱ्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या पाहिलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. पुढं पैसा उडाला, दुष्काळ पडला, पोरगं डुकरं राखायला लागलं, डुकरांच्या शेंगा तरी मिळाव्यात म्हणून तळमळायला लागलं. इथपर्यंत आजूबाजूचे चार-पाच जण ऐकत होते. मग ते घराकडं निघतं आणि बाप त्याला लांबून बघून धावत सुटतो.

डोक्यावर तुळस घेतलेल्या काकू मागून म्हणाल्या, "म्हातारा पळाला? गावादेखत?"

"गावादेखत. आणि पोराच्या गळ्यात पडला."

मूळ गोष्टीत पुढं पुष्ट वासरू कापतात. मी "गावजेवण घातलं" असं सांगितलं. याला कुणी वचनात भेसळ म्हणेल. माझ्या मते ते पाहुण्याला असावं लागणारं भान आहे. मग म्हटलं, तो बाप म्हणजे देव, मामा. आम्ही मानतो की तो येशूच्या रूपानं आमच्यापर्यंत धावत आला, आमच्या पापांसाठी वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. पोराला परतफेड करावी लागली नाही, बापानंच सगळं सोसलं.

मामा म्हणाले, "आमचा इठोबाबी अठ्ठावीस युगं हुभाच हाये की." यावर मला बोलायचं होतं, पण टाळकऱ्यांनी पुढचा अभंग उचलला आणि मामांचं लक्ष तिकडं गेलं. जरा वेळानं ते पुन्हा माझ्या बाजूला आले. "आन् थोरला? त्यो रानात राबत व्हता न्हवं?"

त्यांना थोरल्याचीच काळजी. धाकट्यासाठी मेजवानी म्हटल्यावर थोरला रुसून बाहेर उभा राहिला आणि बाप त्यालाही समजवायला बाहेर आला, हे सांगितलं. "मग गेला का आत?" म्हटलं, ते येशूनं सांगितलेलं नाही. मामांना हे अजिबात पटलं नाही.

आता पायांचं. वारीत कोण कधी पाया पडेल सांगता येत नाही. "माउली" म्हणत सत्तरीचा माणूस वाकतो आणि आपण मागं सरकेपर्यंत त्याचा हात पायाला लागलेला असतो. बायबलमध्ये कर्नेल्य नावाचा रोमी अधिकारी पाया पडला तेव्हा पेत्रानं त्याला उठवलं होतं, मीही माणूसच आहे म्हणून. पण इथं हात धरून उठवत बसलं तर समोरच्याचा अपमान होतो. दुसरीकडं येशूनं स्वतः कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले होते. लोणीच्या मुक्कामी मामांच्या टाचेला फोड आले होते. सुई-दोरा ओवून पाणी काढलं, तेल लावून पाय चेपले. ते नको नको म्हणत होते. तिथून पुढं मी तेवढं ठरवून टाकलं: कुणी वाकलं की आपणही वाकायचं. पादुकांच्या दर्शनाला मात्र मी रांगेत उभा राहिलो नाही. बाहेर सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या राखत बसायचो. दिंडीला या गोष्टीची इतकी सोय झाली की कारण कुणी विचारलंच नाही.

यवतला गावकऱ्यांनी पिठलं-भाकरी वाढली. ती देवळात रांधलेली. मूर्तीला वाहिलेलं अन्न खावं का, या प्रश्नावर करिंथच्या मंडळीला पौलानं लिहिलंय हे आठवलं, पण समोर गरम भाकरी होती आणि वाढणारी बाई आग्रह करत होती. खाल्ली.

रात्री राहुटीत एक निवृत्त गुरुजी जरा धारेवर धरायला आले. "तुमच्या पंडिता रमाबाईंनी शारदा सदनात आमच्या मुली बाटवल्या." प्रश्न टाळण्यात अर्थ नव्हता, रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव जवळच होतं. म्हटलं, 1893 साली याच कारणावरून रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, हे खरंच आहे. बाईंचं म्हणणं होतं की मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार उघडं ठेवते. कुणाला या म्हणत नाही, कुणाला जा म्हणत नाही. आश्रयाला आलेल्या, परावलंबी मुलीसाठी ते उघडं दारसुद्धा किती मोकळं असतं, हा गुरुजींचा प्रश्न मला रास्त वाटला आणि तसं मी म्हणालो. पण ज्या विधवांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्यासाठी तेच घर होतं, हेही सांगितलं. ही बाई लहानपणी आईवडिलांबरोबर तीर्थामागून तीर्थ पायी हिंडलेली. त्याच भटकंतीत आईबाप दुष्काळात गमावले. पुढं 1896-97 च्या दुष्काळात तिनं उपाशी मुली गोळा करून केडगावला आणल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत केलं, ते मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच छापलं. गुरुजी म्हणाले, "पायी हिंडलेली होती हे माहीत नव्हतं." मग बराच वेळ त्यावरच बोलत बसले.

चौफुल्याला मी दिंडी सोडली. दिंडी वरवंडला जाणार, मला केडगावच्या उपासनेला पोचायचं होतं. निरोप घेताना मामांनी विचारलं, "ती गोष्ट कुठं लिवलेली हाये का?"

माझ्याकडं माझाच एक जुना नवा करार होता. तो दिला. मामांना वाचता येत नाही. पुतण्या वाचून दाखवील म्हणाले. लूकचा पंधरावा अध्याय काढून पानाचा कोपरा दुमडला.

"थोरल्याचं बी ह्यातच हाये?"

"ह्यातच. पण आत गेला का ते नाही."

"आमचा पुतण्या थोरलाच हाये," मामा म्हणाले, "त्यालाच इचारतो." आणि पुस्तक पिशवीत टाळांच्या खाली सारून ते दिंडी गाठायला भराभर चालू लागले.