रील व्हायरल झाल्यावर आम्ही काय काय केलं

पुण्यात जनसंपर्काचं काम सुरू केलं तेव्हा संकट आलं तरी विचार करायला एक रात्र मिळायची. प्रेसनोट लिहायची, मालकांची सही घ्यायची, संध्याकाळी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पोचवायची. ऑक्टोबर २००३ मध्ये कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या, तेव्हा कंपनीने वेष्टण बदललं, अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत आणलं आणि काही महिन्यांत विश्वास परत मिळवला. त्याच कॅडबरीच्या बोर्नव्हिटातल्या साखरेवर एप्रिल २०२३ मध्ये एका तरुणाने व्हिडिओ केला. कंपनीची कायदेशीर नोटीस गेली, त्याने व्हिडिओ काढलाही, पण तोवर तो घराघरांतल्या फोनवर पोचला होता. वर्षअखेरीस बोर्नव्हिटातली वरून घातलेली साखर कमी झाली.

म्हणूनच, आमच्याकडच्या एका फराळवाल्या कंपनीच्या डिंकाच्या लाडवांना बुरशी आल्याची रील फिरू लागली आणि मालकांनी सकाळीच फोन करून विचारलं, "मॅडम, वकिलाची नोटीस पाठवू का?", तेव्हा मी ठामपणे नको म्हटलं.

आधी रील थांबवून थांबवून पाहिली. डब्याच्या झाकणावर बॅच नंबर दिसत होता. कारखान्यात प्रत्येक बॅचचा एक डबा राखून ठेवतात, तो उघडला. लाडू चांगले होते. म्हणजे गडबड वाटेत कुठेतरी झाली होती. तरी "आमचा माल चांगलाच आहे" असं उत्तर द्यायचं नाही, हे मी मालकांना पटवलं. रील करणाऱ्या बाईंच्या हातातला डबा तर खराबच होता ना!

आमच्या ऑफिसात तयार झालेला मसुदा "ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय" असा सुरू होत होता. तो बाजूला ठेवून रीलखालीच लिहिलं: "ताई, तुमच्या बॅचचा माल दुकानांतून परत मागवला आहे. तुमचा डबा तपासायला हवा. आज आमचा माणूस घरी पाठवला तर चालेल का?" खाली मालकांचं नाव आणि नंबर. त्या हो म्हणाल्या. रागाच्या कमेंट एकही डिलीट केली नाही.

खरी कसोटी व्हॉट्सॲपची. तिथे रील नाव-गाव पुसून फिरते, उत्तर द्यायचं कुणाला? मालकांनी पॅकिंग विभागात उभं राहून, मागे सीलिंग मशीनचा आवाज असतानाच, आपल्या रोजच्या बोलीत छोटा व्हिडिओ केला. तो दुकानदारांना पाठवला. त्यांनी तो आपापल्या ग्रुपवर टाकला.

कुणीतरी पैसे देऊन इन्फ्लुएन्सरकडून कौतुक करून घ्यायचं सुचवलं. मी साफ विरोध केला. पैसे घेतल्याचं सांगणं आता बंधनकारक आहे, दिशाभूल केल्यास ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड आहे. आणि दंड नसता तरी, ज्या घरात खराब डबा गेला त्या घराला भाडोत्री कौतुक काय कामाचं?

बुरशीचं मूळ एका वितरकाच्या ओल आलेल्या गोदामात निघालं. तेही आम्ही फोटोंसह सांगितलं. त्या ताईंनी ते फोटो स्वतःहून आपल्या पेजवर टाकले.

आता नवीन काम घेताना मी पहिल्याच बैठकीत कारखान्यातल्या क्वालिटीच्या माणसाचा थेट नंबर मागते. तो मिळाल्याशिवाय करारावर सही करत नाही.