फोटो खरा, पण खालची ओळ?

"आता एआय आलं, फोटोवरचा विश्वास संपला" असं रोज कोणी ना कोणी म्हणतं आणि मला दरवेळी फोटोग्राफर अलेक्झांडर गार्डनर आठवतो. जुलै १८६३, अमेरिकेतल्या यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई नुकतीच संपलेली, आणि ह्या माणसाने आणि त्याच्या जोडीदारांनी एका मेलेल्या सैनिकाला उचलून तीस-पस्तीस मीटर लांब दगडांच्या आडोशाला नेऊन ठेवलं, शेजारी बंदूक टेकवली (तीही नेमबाज वापरतात तसली नव्हती म्हणे) आणि फोटोखाली लिहिलं की हा बंडखोर नेमबाजाचा अड्डा. पकडलं कधी, तर जवळजवळ शंभर वर्षांनी, त्याच दिवसाचे बाकीचे फोटो शेजारी ठेवल्यावर. तोच माणूस, वेगळ्या जागी!

आता थोडी त्यांची बाजूही बघा. तेव्हा काचेच्या प्लेटला रसायन लावायचं, ती ओली असतानाच फोटो काढायचा आणि ओली असतानाच धुवायची, एक्सपोजरच काही सेकंदांचं, मग धावती लढाई मिळणार कुठून? मागे राहिलेलंच टिपायचं. त्यात "जरा मांडून घेऊ" हा मोह आलाच. ब्रिटिश फोटोग्राफर रॉजर फेंटनचे १८५५ चे क्रिमियातल्या युद्धाचे दोन फोटो आहेत, जागा तीच, कॅमेरा तिथेच, एकात तोफगोळे रस्त्यावर पसरलेत आणि दुसऱ्यात रस्ता साफ. आधीचा कुठला यावर कितीतरी वर्षं वाद, शेवटी एरॉल मॉरिस या माहितीपट दिग्दर्शकाने उतारावरचे बारके दगड तपासले. गोळेवाल्या फोटोत ते खाली घरंगळलेले दिसतात, म्हणजे रस्त्यावर गोळे नंतर आले. मला हे भारी वाटतं, फोटोनेच फोटोची चुगली केली.

आणि उलटंही होतं. दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा या जपानी बेटावर अमेरिकन सैनिक झेंडा उभारतायत तो फोटो, २३ फेब्रुवारी १९४५, फोटोग्राफर जो रोझेन्थल. त्याला विचारलं, पोज दिलेला का? त्याला वाटलं नंतरच्या ग्रुप फोटोबद्दल विचारतायत, हो म्हणून मोकळा झाला बिचारा, आणि तो डाग जन्मभर चिकटला. फोटो मात्र अस्सल. चुकीची होती ती नावं! झेंडा उभारणारे नक्की कोण ते अमेरिकेच्या मरीन कोअरने (त्या सैनिकांचं दल) २०१६ ला दुरुस्त केलं आणि २०१९ ला परत.

म्हणून सगळं लक्ष एडिटिंगवर असतं तेव्हा मला जरा गंमत वाटते. वर्ल्ड प्रेस फोटो या बातमी-फोटोंच्या जागतिक स्पर्धेवाले कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागतात, २०१५ ला शेवटून दुसऱ्या फेरीतल्या साधारण २० टक्के एन्ट्र्या त्यातच उडाल्या, चांगलंच आहे. पण त्याच वर्षी एका विजेत्याचं बक्षीस काढून घ्यावं लागलं ते कशामुळे, तर बेल्जियममधल्या शार्लरुआ शहरावरच्या त्याच्या मालिकेतला एक फोटो निघाला ब्रसेल्सचा. मूळ फाइल कितीही तपासली असती तरी हे सापडलं असतं का?